व्याकरण आणि व्यवहार : परभाषाशिक्षणातील दोन परंपरा व शहाद्याचा भाषिक परिसर

१. प्रश्नाचे स्वरूप

परभाषा शिकविताना आधी नियम सांगावा की आधी भाषेचा प्रत्यक्ष वापर विद्यार्थ्यासमोर ठेवावा, हा वाद शिक्षणशास्त्रात जुना आहे. आज तो स्पॅनिश, जर्मन, जपानी इत्यादी भाषांच्या वर्गांत विशेष ऐकू येतो. एक पक्ष क्रियापदांची रूपे, लिंगवचनांचे कोष्टक आणि भाषांतराचे पाठ यांवर भर देतो. दुसरा पक्ष संभाषण, प्रसंग आणि कार्य यांतून भाषा आपोआप उमलते असे मानतो. हा वाद पश्चिमेत उद्भवला व तेथून आपल्याकडे आयात झाला, असा एक समज रूढ आहे. तो अपुरा आहे. महाराष्ट्र व गोवा यांच्या इतिहासात या दोन्ही प्रवृत्ती स्वतंत्रपणे व अनेकदा एकाच व्यक्तीच्या कार्यात आढळतात. त्यांचा तोल कसा साधला गेला व कोठे बिघडला, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा पहिला हेतू होय.

दुसरा हेतू या प्रश्नाची कसोटी एका विशिष्ट भूभागावर पाहणे हा आहे. नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुका दक्षिणेस तापीच्या खोऱ्याला व उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याला टेकलेला आहे. येथील बाजारात अहिराणी, गुजरी, भिली, पावरी आणि प्रमाण मराठी एकाच दिवशी कानांवर पडतात. गुजरात व मध्य प्रदेश यांच्या सीमा जवळ असल्याने गुजराती व हिंदी यांचीही त्यांत भर पडते. येथील बहुसंख्य मुलांच्या दृष्टीने शाळेतील मराठी ही घरच्या बोलीपेक्षा वेगळी, म्हणजे काही अंशी शिकावयाची भाषा असते. त्यानंतर इंग्रजी येते, आणि महाविद्यालयातून पुढे शहरात गेलेला एखादा विद्यार्थी स्पॅनिशसारख्या भाषेकडे वळतो तेव्हा ती त्याची चौथी किंवा पाचवी भाषा ठरते. अशा विद्यार्थ्याला व्याकरण कोणत्या भाषेच्या आधाराने सांगावयाचे, हा प्रश्न पद्धतींच्या वादात बहुधा विचारला जात नाही. तोच खरा कळीचा प्रश्न आहे, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. भारतीय परंपरेतील भूमिका

संस्कृत व्याकरणपरंपरा म्हणजे केवळ सूत्रांचे पाठांतर, हा समज मूळ ग्रंथांना धरून नाही. महाभाष्याच्या आरंभीच्या पस्पशाह्निकात पतंजलीने एक मार्मिक दृष्टांत दिला आहे. घट हवा असणारा मनुष्य कुंभाराच्या घरी जाऊन घट करून मागतो, परंतु शब्द वापरू इच्छिणारा कोणीही वैयाकरणाच्या घरी जाऊन शब्द करून मागत नाही, असा त्याचा आशय आहे. शब्द लोकव्यवहारात आधीच सिद्ध असतात. शास्त्र ते निर्माण करीत नाही, त्यांच्या प्रयोगाचे नियमन करते. व्याकरणाच्या मर्यादेची इतकी स्पष्ट जाणीव एका थोर वैयाकरणाने नोंदवावी, ही गोष्ट लक्षणीय होय.

शब्दाचा अर्थ बालकाला कसा कळतो, याची चर्चा मीमांसक व नैयायिक यांनी अधिक तपशिलाने केली. त्यांनी या प्रक्रियेला वृद्धव्यवहार असे नाव दिले. एक वडील माणूस दुसऱ्यास गाय आणावयास सांगतो आणि तो गाय आणतो. नंतर गाय बांधावयास सांगितले जाते, त्यानंतर घोडा आणावयास सांगितले जाते. बाजूला उभे असलेले मूल कोणता शब्द वाक्यात आला व कोणता गेला, आणि त्याबरोबर कृतीत कोणता बदल झाला, याची तुलना करून एकेका शब्दाचा अर्थ वेगळा काढते. या प्रक्रियेस आवाप व उद्वाप अशा संज्ञा आहेत. अर्थबोधाच्या साधनांची जी यादी परंपरेत दिली जाते, तीत व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य यांच्याबरोबर व्यवहारही येतो, आणि प्रथम बोध व्यवहारातूनच होतो असे मानले जाते. संदर्भाधिष्ठित शिक्षणाचे हे जुने व सुस्पष्ट प्रतिपादन म्हणावे लागेल. मात्र येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात ठेवला पाहिजे. मूल केवळ ऐकत नाही, तुलनाही करते. व्यवहारातच विश्लेषणाचे बीज असते.

पाठशाळांतील प्रत्यक्ष अध्यापनातही दोन्ही अंगे होती. शब्दरूपावली, समासचक्र व अमरकोश तोंडपाठ करून घेतले जात, परंतु त्याबरोबरच रघुवंशादी काव्ये पदच्छेद व अन्वय यांसह वाचली जात. रूपांची घोकंपट्टी आणि काव्याचा संदर्भ यांमध्ये अन्वय हा पूल होता. हा पूल जेथे खचला, तेथे निरर्थक पाठांतर उरले.

३. गोवा : आर्त आणि पुराण

युरोपीय व्याकरणपरंपरेचा मराठी व कोकणी प्रदेशाशी पहिला निकट संबंध गोव्यात आला. या परंपरेच्या मुळाशी स्पेन देशातील एक ग्रंथ आहे. आंतोनियो दे नेब्रिखा याने १४९२ मध्ये कास्तिलियन, म्हणजे आज जिला स्पॅनिश म्हणतात त्या भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. आधुनिक युरोपीय लोकभाषेचे हे पहिले मुद्रित व्याकरण मानले जाते. त्याचे पाच भाग आहेत. पहिले चार स्वभाषेचे शास्त्र जाणू इच्छिणाऱ्यांसाठी असून पाचवा भाग परभाषक शिकाऊंसाठी स्वतंत्रपणे लिहिला आहे. स्वभाषकाला लागणारे व्याकरण आणि परभाषकाला लागणारे व्याकरण एकच नसते, हे तत्त्व स्पॅनिशच्या पहिल्याच व्याकरणकाराने ओळखले होते. पुढील काळात शाळांनी मात्र त्याची दखल फारशी घेतली नाही. जेझुइट विद्यालयांत मानुएल आल्वारेस याचे १५७२ चे लॅटिन व्याकरण सर्वत्र रूढ झाले. त्याच विद्यालयांच्या १५९९ च्या अभ्यासनियमांत वर्गातील व्यवहार लॅटिनमध्येच व्हावा असा आग्रह होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. नियम व वापर यांची सांगड त्यांनाही आवश्यक वाटत होती.

या परंपरेत वाढलेला थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत चाळीस वर्षे येथे राहिला. त्याने रचिलेले कोकणीचे व्याकरण ‘आर्त दा लिंग्वा कानारीं’ या नावाने १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्याचा सांगाडा लॅटिन व्याकरणाचा आहे. परंतु त्याच स्टीफन्सने १६१६ मध्ये मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले होते. ओवीचे वळण, पुराणकथनाची रीत आणि श्रोत्यांशी संवाद करण्याची लकब यांपैकी काहीही लॅटिनच्या कोष्टकात सापडणारे नव्हते. ते ऐकून, वाचून व लोकांत राहूनच आत्मसात करावे लागते. तेव्हा एकाच माणसाच्या हातून झालेल्या या दोन कृती परस्परांना पूरक ठरतात. व्याकरण त्याच्यामागून येणाऱ्या नवख्या पाद्र्यांसाठी होते. पुराण हे त्याच्या स्वतःच्या भाषाज्ञानाचे फळ होते.

व्याकरण सत्तेच्या हाती कसे जाते, याचाही धडा गोव्याच्या इतिहासात मिळतो. १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने फर्मान काढून तीन वर्षांच्या आत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असे बंधन घातले. ज्या भाषेचे व्याकरण छापून अर्धशतकही झाले नव्हते, तिच्यावरच ही बंदी आली. भाषेचे व्याकरण असणे आणि त्या भाषेच्या बोलणाऱ्यांना मान असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

४. मुंबई इलाखा : व्याकरणाचे राज्य

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम केरी याने १८०५ मध्ये सेरामपूर येथून मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. या कामात त्याला वैजनाथ पंडितांचे साहाय्य होते. ग्रंथाच्या शेवटी नित्य व्यवहारातील विषयांवरचे संवाद जोडलेले आहेत. कंपनीच्या नोकरांना नियमांबरोबर प्रसंगही हवेत, हे केरीने जाणले होते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर मराठीची व्यवस्था लावण्याचा हा मोठा प्रयत्न होता, आणि त्यामुळे दादोबांना मराठीचे पाणिनी असे म्हटले जाऊ लागले. मात्र येथे उद्दिष्टात एक बदल झाला. केरीचा ग्रंथ परभाषकासाठी होता. दादोबांचा ग्रंथ मराठी मुलालाच त्याची भाषा ‘शुद्ध’ करून देण्यासाठी शाळेत आला. त्यानंतर व्याकरण हे भाषा शिकण्याचे साधन न राहता बहुतांशी भाषा तपासण्याचे साधन झाले.

संस्कृताच्या अध्यापनात याच शतकाच्या सातव्या दशकात रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी समतोलाचा एक आदर्श घालून दिला. त्यांच्या संस्कृत पाठ्यपुस्तकांत, ज्यांतील पहिले १८६४ चे होय, प्रत्येक पाठात थोडे नियम, थोडे शब्द, संस्कृतातून भाषांतरासाठी वाक्ये आणि संस्कृतात भाषांतरासाठी वाक्ये अशी चतुर्विध रचना आहे. पाणिनीची प्रक्रिया संपूर्ण सांगून मग वाचन, हा क्रम त्यांनी मोडला. नियम लगेच वाक्यात उतरतो, आणि पुढचा नियम मागच्या वाक्यांवर उभा राहतो. पुस्तके दीर्घकाळ टिकली याचे कारण या क्रमात आहे. तरीही त्यांत एक उणीव राहिली. वाक्ये सुटी होती, त्यांना प्रसंग नव्हता. इंग्रजीसाठी तर्खडकरांच्या नावाने जी भाषांतर पाठमाला घरोघर पोहोचली, तिचेही बल व मर्यादा याच होत्या. तिच्यावर पोसलेल्या अनेक पिढ्या इंग्रजी निर्दोष लिहू शकल्या, परंतु बोलताना अडखळल्या.

५. उलटे वारे

युरोपात या भाषांतरपद्धतीविरुद्ध १८८२ मध्ये विल्हेल्म फीटोर याने जर्मन भाषेतील एक पुस्तिका लिहून भाषाशिक्षणाने आपली दिशा बदलावी असे आवाहन केले. त्याआधी १८७८ मध्ये मॅक्सिमिलियन बर्लिट्झ याने अमेरिकेत आपली शाळा उघडली होती. तीत मातृभाषेस वर्गात थारा नव्हता. ही प्रत्यक्ष पद्धती मुंबई इलाख्यातही आली. शिक्षणखात्यात असलेल्या पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन याने १९११ मध्ये हिंदी शाळांतील इंग्रजीच्या ‘प्रत्यक्ष’ अध्यापनावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. पुढे १९३५ मध्ये मार्टिनसह त्याच्या नावाने जे शालेय इंग्रजी व्याकरण निघाले, तेच भारतभर रूढ झाले. प्रत्यक्ष पद्धतीचा पुरस्कर्ता व्याकरणाचा पर्याय म्हणून ओळखला जावा, हा केवळ योगायोग नव्हे. मोठे वर्ग, इंग्रजी सहज न बोलणारे शिक्षक आणि लेखी परीक्षा या परिस्थितीत प्रत्यक्ष पद्धती टिकू शकली नाही. व्याकरणाचे पुस्तक मात्र एकट्या विद्यार्थ्यालाही हाताशी धरता येत होते. मायकेल वेस्ट याने १९२६ मध्ये बंगालच्या अनुभवावरून हेच वेगळ्या शब्दांत मांडले. बहुसंख्य विद्यार्थ्यांचे शालेय शिक्षण मध्येच तुटते, म्हणून त्यांच्या हाती टिकणारे कौशल्य वाचनाचे असावे, असे त्याचे म्हणणे होते.

स्वातंत्र्योत्तर काळातील सर्वांत महत्त्वाचा भारतीय प्रयोग म्हणजे एन. एस. प्रभू यांचा १९७९ ते १९८४ मधील बंगळूर प्रकल्प. त्यात व्याकरणाचे पाठ पूर्णपणे वगळून नकाशा वाचणे, वेळापत्रक लावणे अशा बौद्धिक कार्यांतून इंग्रजी शिकविण्यात आले. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात प्रकल्पातील वर्ग कार्याधिष्ठित कसोट्यांत पुढे होते, तर परंपरागत वर्ग रचनेच्या कसोटीत पुढे होते. म्हणजे ज्या अंगाचे शिक्षण दिले गेले, त्या अंगाची वाढ झाली. हा निष्कर्ष साधा दिसतो, परंतु एका पद्धतीने सर्व काही साधते या दोन्ही पक्षांच्या दाव्याला तो बाधक आहे.

६. स्पॅनिशच्या वर्गातील पुरावा

व्याकरण व संदर्भ यांच्या संबंधावरील अलीकडील संशोधनात स्पॅनिशच्या वर्गांना विशेष स्थान आहे. बिल व्हॅनपॅटन व तेरेसा कादियेर्नो यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग प्रातिनिधिक मानता येईल. स्पॅनिशमध्ये ‘लो वे ला मुखेर’ या वाक्याचा अर्थ ‘त्याला ती स्त्री पाहते’ असा आहे. इंग्रजीभाषक विद्यार्थी वाक्यातील पहिल्या नामाला वा सर्वनामाला कर्ता समजतो, आणि ‘तो त्या स्त्रीला पाहतो’ असा उलटा अर्थ घेतो. केवळ संभाषण ऐकून ही चूक सुटत नाही, कारण प्रसंगावरून बहुधा अर्थ लागतोच आणि रूपाकडे लक्ष जात नाही. केवळ कोष्टक पाठ करूनही ती सुटत नाही. उपर्युक्त प्रयोगात एका गटाला नियम सांगून लगेच अर्थाचा निर्णय करावयास लावणारी वाक्ये देण्यात आली, आणि दुसऱ्या गटाकडून परंपरागत रीतीने वाक्ये तयार करवून घेण्यात आली. पहिल्या गटाची अर्थग्रहण व वाक्यरचना या दोन्हींत प्रगती झाली. दुसऱ्या गटाची प्रगती रचनेपुरतीच राहिली. नॉरिस व ओर्तेगा यांनी २००० मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला. त्यातही नियम उघड सांगणारे अध्यापन अधिक परिणामकारक दिसले. परंतु बऱ्याच अभ्यासांतील कसोट्या अशा ज्ञानालाच अनुकूल होत्या, ही सावधगिरीची सूचनाही त्यांनी दिली.

या पुराव्याचा मराठी विद्यार्थ्याशी संबंध जोडताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. इंग्रजीभाषकाची ही अडचण मराठीभाषकाची अडचण असण्याचे कारण नाही. ‘त्याला ती स्त्री पाहते’ हे वाक्य मराठीत सहज आहे. विभक्तिप्रत्यय कर्ता व कर्म वेगळे दाखवितो आणि पदक्रम मोकळा राहतो. आणखी दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. इंग्रजीतून लिहिलेल्या स्पॅनिश पुस्तकांत ‘गुस्तार’ या क्रियापदासाठी स्वतंत्र धडा असतो व त्याला विचित्र रचना म्हटले जाते. ‘मे गुस्ता एल मांगो’ म्हणजे ‘मला आंबा आवडतो’. ‘मे गुस्तान लोस मांगोस’ म्हणजे ‘मला आंबे आवडतात’. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूच्या वचनाप्रमाणे चालते आणि ज्याला आवडते तो चतुर्थीत जातो. मराठी विद्यार्थ्याला येथे काहीच विचित्र नाही. तसेच स्पॅनिशमध्ये ‘वेओ ला कासा’, म्हणजे ‘मी घर पाहतो’, परंतु ‘वेओ आ हुआन’, म्हणजे ‘मी हुआनला पाहतो’. निर्जीव कर्माला प्रत्यय नाही, विशिष्ट व्यक्ती असलेल्या कर्माला आहे. मराठीतही हाच भेद आहे. इंग्रजी पुस्तकातला एक नवा नियम मराठी विद्यार्थ्याच्या तोंडी बालपणापासून असतो.

याच्या उलट ‘सेर’ व ‘एस्तार’ ही दोन क्रियापदे मराठी ‘असणे’ या एकाच क्रियापदाच्या जागी येतात. ‘ला मान्साना एस वेर्दे’ म्हणजे सफरचंद हिरव्या रंगाचे आहे, आणि ‘ला मान्साना एस्ता वेर्दे’ म्हणजे ते अद्याप कच्चे आहे. ‘आंबा गोड असतो’ व ‘हा आंबा गोड आहे’ या मराठी भेदाची येथे थोडी मदत होते, परंतु दोन्ही भेद एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. येथे नियमाची उघड चर्चा आणि तिच्या जोडीला पुष्कळ प्रसंग, दोन्हींची गरज आहे. यावरून व्याकरण किती सांगावे याचे उत्तर भाषेवर नव्हे, तर भाषांच्या जोडीवर अवलंबून असते असे ठरते. जेथे घरची भाषा वाट दाखविते, तेथे प्रसंग पुरेसा होतो. जेथे ती वाट चुकविते, तेथे नियम सांगावा लागतो. नेब्रिखाने परभाषकासाठी वेगळा भाग लिहिला, त्यामागील तत्त्व हेच होते.

७. शहादा : घरची भाषा कोणती?

‘घरची भाषा’ म्हणताना वरील विवेचनात प्रमाण मराठी गृहीत धरली आहे. शहाद्यात हे गृहीतक टिकत नाही. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याच्या १६ लाख ४८ हजार लोकसंख्येपैकी सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. त्याच जनगणनेत देशभरात भिली किंवा भिलोडी गटाचे सुमारे १ कोटी ४ लाख आणि खानदेशी गटाचे सुमारे १८ लाख ६० हजार भाषक नोंदविले आहेत. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषापाहणीच्या १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात खानदेशीचा समावेश मराठीच्या खंडात नसून भिली भाषांबरोबर केलेला आहे, आणि पावरी, मावची इत्यादी बोलींचे नमुनेही तेथेच दिले आहेत. शाळेने ज्यांना मराठीची ‘अशुद्ध’ रूपे मानले, त्यांना भाषाशास्त्राने शतकापूर्वीच वेगळी व्यवस्था म्हणून नोंदविले होते.

अहिराणीचे एक उदाहरण पुरेसे आहे. प्रमाण मराठीत पुरुष ‘मी जातो’ म्हणतो व स्त्री ‘मी जाते’ म्हणते. अहिराणीत दोघेही ‘मी जास’ म्हणतात. ‘तू जास’, ‘तो जास’ येथेही तेच रूप राहते, आणि अनेकवचनी ‘त्या जातस’ असे होते. म्हणजे अहिराणीभाषक मुलाला वर्तमानकाळात पुरुष व लिंग यांचा मेळ क्रियापदाशी घालणे ही नवी गोष्ट शिकावयाची असते. केवळ ‘हे चूक, ते बरोबर’ असे सांगून ती येत नाही, आणि नुसते ऐकूनही उशिरा येते. दोन्ही रूपे फळ्यावर शेजारी मांडून फरक दाखविला, तर ते मूल आपल्या बोलीचा नियम प्रथमच पाहते आणि मराठीचा नियमही ओळखते. उलट ‘माले आंबा आवडस’ हे वाक्य मराठीच्या ‘मला आंबा आवडतो’ याच्याशी व स्पॅनिशच्या ‘मे गुस्ता’शी एकाच साच्याचे आहे. कर्माला ‘ले’ लावण्याचा भेदही अहिराणीत आहे. या दोन बाबतींत शहाद्याचा मुलगा स्पॅनिशच्या वर्गात इंग्रजीभाषकापेक्षा पुढे उभा असतो. परंतु त्याच्या बोलीचे व्याकरण त्याला कोणी दाखविले नसेल, तर ही शिदोरी त्याच्या उपयोगी पडत नाही.

संदर्भातून भाषा शिकण्याची या प्रदेशाची शक्ती जुनी आहे. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो व परप्रांतांतून व्यापारी येतात. अशा बाजारात सौदा करणारा माणूस व्याकरणाशिवाय दोन-तीन भाषा बोलतो. तेवढ्यावरून व्याकरणाची गरज नाही असा निष्कर्ष काढणे मात्र घातक ठरेल, आणि त्याचे कारण शहाद्याच्याच इतिहासात आहे. या भागातील आदिवासींच्या जमिनी सावकारी व्यवहारांतून मोठ्या प्रमाणावर त्यांच्या हातून गेल्या. त्याविरुद्ध अंबरसिंग महाराज यांच्या नेतृत्वाखाली संघर्ष उभा राहिला, १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली, आणि शहाद्याची चळवळ देशभर अभ्यासाचा विषय झाली. आदिवासींना जमिनी परत करण्याविषयीचा महाराष्ट्राचा अधिनियम १९७४ चा आहे. या लढ्यांत कागद निर्णायक होता. मराठी खरेदीखतात जमीन देणारा ‘लिहून देणार’ असतो व घेणारा ‘लिहून घेणार’ असतो. ‘देणार’ आणि ‘घेणार’ ही दोन धातुसाधिते, ‘मी’ आणि ‘मला’, ‘कबूल केले’ आणि ‘कबूल करवून घेतले’, यांतील फरकावर शेताची मालकी अवलंबून असते. बाजारातील प्रसंग बोलणाऱ्याला सांभाळून घेतो. कागदाला प्रसंग नसतो, तेथे रूपच अर्थ ठरविते. बोलण्यात पटाईत असलेला माणूस कागदापुढे हतबल होऊन अंगठा उमटवितो, तेव्हा त्याला व्याकरण न मिळाल्याची किंमत मोजावी लागते.

म्हणून व्याकरण वगळून केवळ प्रसंगांतून शिकविणे हे पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याच्या बाबतीत औदार्य ठरत नाही. सुशिक्षित घरातील मुलाला लेखी भाषेची रूपे घरी मिळतात. ज्याला ती घरी मिळत नाहीत, त्याला शाळेनेच दिली पाहिजेत. त्याच वेळी त्याच्या बोलीला अशुद्ध ठरवून दिलेले व्याकरण त्याला वर्गाबाहेर लोटते. दोन्ही टोकांची हानी एकाच मुलाच्या वाट्याला येते.

८. समतोलाची दिशा

महाराष्ट्रात या अडचणीतून मार्ग काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे आदिवासी मुलांच्या परिसरातूनच शिक्षणाची सामग्री उभी केली. नर्मदाकाठच्या अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत १९९० नंतरच्या दशकात सुरू झालेल्या जीवनशाळांनी मुलांच्या बोलीला वर्गात स्थान दिले. पुढे तेथील विस्थापितांच्या वसाहती तळोदा व शहादा तालुक्यांत झाल्याने हा प्रश्न शहाद्याच्या वर्गांतही प्रत्यक्ष आला. परभाषक प्रौढांसाठी मराठीच्या क्षेत्रात मॅक्सीन बर्नसन व जाई निंबकर यांनी संभाषणाधिष्ठित पाठ्यक्रम आणि १९७५ चे संदर्भव्याकरण अशी दोन स्वतंत्र पण परस्परसंलग्न साधने तयार केली. धडा प्रसंगाचा असावा आणि शंका आल्यास पाहावयाचे व्याकरण हाताशी असावे, ही योजना स्पॅनिशच्या वर्गालाही लागू पडण्यासारखी आहे.

या सर्व इतिहासावरून अध्यापनाचा एक क्रम सुचतो. प्रथम प्रसंग व त्यातील वाक्ये यावीत. त्यानंतर विद्यार्थ्याने आवाप-उद्वापाच्या रीतीने रूपांची तुलना स्वतः करावी. मग शिक्षकाने नियम थोडक्या शब्दांत सांगावा, व तो सांगताना विद्यार्थ्याची बोली, प्रमाण मराठी आणि नवी भाषा अशी तीन रूपे शेजारी ठेवावीत. शेवटी नियम अशा मजकुरावर वापरून पाहावा की ज्यात प्रसंग मदतीला नाही, उदाहरणार्थ पत्र, अर्ज किंवा करार. या क्रमात व्याकरणाचे स्थान मध्यभागी आहे. ते आरंभी आले तर कोष्टक होते, आणि मुळीच आले नाही तर विद्यार्थी कागदापाशी अडतो.

या क्रमासाठी शिक्षकाला विद्यार्थ्याच्या बोलीचे व्याकरण ठाऊक असणे ही पहिली अट आहे. अहिराणी, गुजरी, भिली व पावरी यांची अध्यापनोपयोगी, संक्षिप्त व तौलनिक व्याकरणे तयार करणे हे खानदेशातील भाषाविभागांचे स्वाभाविक कार्यक्षेत्र आहे. १९९० मध्ये जळगाव येथे स्थापन झालेल्या व २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. ज्या कवयित्रीचे नाव विद्यापीठाला दिले, ती लेवा गणबोलीत रचना करीत होती आणि तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तिची गाणी टिकली ती इतरांनी ती कागदावर उतरविली म्हणून. बोलीतील ज्ञान आणि लेखनाची सत्ता यांमधील हे अंतर मिटविणे, हे भाषाशिक्षणाच्या कोणत्याही पद्धतीचे अंतिम माप होय.